सागराचा पहारा : वरातीमागून घोडे किती दिवस?

१ फेब्रुवारी २०२७ रोजी भारतीय तटरक्षक दलाच्या स्थापनेला ५० वर्षे पूर्ण होतात. सात जुन्या नौकांनिशी कामास लागलेल्या या दलापाशी आज सुमारे दीडशे जहाजे व नौका आणि पाऊणशेहून अधिक विमाने व हेलिकॉप्टरे आहेत. २०३० पर्यंत हे आकडे अनुक्रमे २०० आणि १०० वर न्यावयाचे, असा सरकारचा संकल्प आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दलासाठी सुमारे ९,६७७ कोटी रुपयांची तरतूद झाली. त्यांपैकी भांडवली खर्चाची रक्कम आदल्या वर्षीच्या ३,५०० कोटींवरून एकदम ५,००० कोटींवर गेली. भांडवली खर्च म्हणजे मुख्यतः नवी जहाजे आणि नवी विमाने. पैसा मोठा आहे आणि तो मुंबई-रत्नागिरीच्या करदात्याप्रमाणेच वाशीम, रिसोड आणि मानोऱ्याच्या करदात्याच्याही खिशातून जातो. म्हणूनच सुवर्णमहोत्सवाची तोरणे बांधली जाण्यापूर्वी या ताफ्याचा हिशेब मागणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

समुद्र आणि वाशीम यांचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. ज्या जिल्ह्यातील बहुसंख्य माणसांनी समुद्र केवळ चित्रात पाहिला आहे, जेथे सिंचनाचा अनुशेष आणि सोयाबीनचा भाव हेच रोजचे चिंतेचे विषय आहेत, आणि ज्याची गणना २०१८ मध्ये नीती आयोगाने विकासात मागे राहिलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत केली, त्या जिल्ह्याने गस्ती जहाजांचा विचार का करावा? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. परंतु त्याचे उत्तर आपल्याच परंपरेत तीनशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलेले आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आरमाराला राज्याचे वेगळे अंग मानणाऱ्या या व्यवहारज्ञ मुत्सद्द्याने त्याच्या खर्चाबद्दल मोठा दूरदर्शी नियम सांगितला. आरमाराचा खर्च आरमाराच्याच मिळकतीवर सोपवू नये, तो आतल्या मुलखाच्या उत्पन्नातून नेमून द्यावा, असे त्याने बजावले. मिळकतीवर जगणारे आरमार व्यापाऱ्यांस उपद्रव देऊ लागते आणि त्यामुळे व्यापारच बुडतो, हे त्यामागील कारण. याचा अर्थ असा की, ज्याला लाट कधी दिसणार नाही अशा घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्याने समुद्राच्या रक्षणाचा भार उचलावा, कारण त्या रक्षणाचे फळ त्याच्याही पदरात पडते. पहाऱ्याचा खर्च केवळ किनाऱ्याचा नसून सबंध मुलखाचा आहे, हा सिद्धान्त आपण इंग्रजांकडून शिकलेलो नाही.

किंबहुना वाशीमला तरी समुद्र सर्वस्वी परका म्हणता येणार नाही. वत्सगुल्म या नावाने ही नगरी वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती, आणि त्या शाखेतील हरिषेण राजाच्या कारकिर्दीत अजिंठ्याची बरीच लेणी घडली असे अनेक अभ्यासक मानतात. त्या अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचे चित्र आजही पाहावयास मिळते. किनाऱ्यापासून एवढ्या दूरच्या डोंगरात बसलेल्या चित्रकाराला जहाज रंगवावेसे वाटले. तेव्हाही समुद्र आतल्या मुलखाच्या जीवनाचा भाग होता, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

आज तर हे नाते पोटापर्यंत येऊन भिडले आहे. देशाला लागणाऱ्या खनिज तेलाचा चार-पंचमांशाहून अधिक भाग परदेशांतून जहाजांनी येतो. खरिपाच्या तोंडावर आपला शेतकरी ज्या डीएपीसाठी रांगेत उभा राहतो, ते खत मोठ्या प्रमाणात समुद्रमार्गेच येते आणि पालाश तर जवळजवळ सर्वच आयात होते. खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज इंडोनेशिया-मलेशियाचे पामतेल आणि अर्जेंटिना-ब्राझीलचे सोयातेल भागवते आणि त्या तेलाच्या आवकेचा परिणाम आपल्या बाजार समितीतील सोयाबीनच्या भावावर होतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू होताच अनेक जहाजांनी आफ्रिकेला वळसा घालण्याचा लांबचा मार्ग धरला आणि वाहतुकीचे दर चढले. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. ५ जून २०२५ पासून तो नागपूर ते मुंबई असा पूर्णपणे खुला झाला आहे. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. रस्ता आणि बंदर जसजसे जवळ येत आहेत, तसतसा समुद्र आपल्या अंगणाशी येत आहे. अंगणाला पहारा नको, असे कोण म्हणेल?

या दलाच्या जन्माची कथाही आपल्या प्रांताशी जोडलेली आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांत पश्चिम किनाऱ्यावरून सोने, चांदी, घड्याळे आणि कापड यांची चोरटी आयात इतकी बोकाळली की तस्करांच्या वेगवान पडावांपुढे कस्टम खात्याच्या नौका केविलवाण्या ठरू लागल्या. नौदलाला युद्धाची कामे होती. पोलिसांचा हात किनाऱ्यापलीकडे पोहोचत नव्हता. सप्टेंबर १९७४ मध्ये सरकारने के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रुस्तमजी हे नागपूरजवळच्या कामठीचे. वाशीम ज्या मध्यप्रांत-वऱ्हाड प्रांतात होते, त्याच प्रांताच्या पोलीस सेवेत त्यांची कारकीर्द सुरू झाली आणि पुढे सीमा सुरक्षा दलाचे ते पहिले महासंचालक झाले. १९७५ मध्ये त्यांच्या समितीने समुद्रासाठी स्वतंत्र दल उभारण्याची शिफारस केली. त्याप्रमाणे १ फेब्रुवारी १९७७ रोजी हंगामी दल आणि ऑगस्ट १९७८ मध्ये संसदेच्या कायद्याने कायमचे दल अस्तित्वात आले. नौदलाच्या ‘कृपाण’ व ‘कुठार’ या दोन जुन्या लढाऊ नौका आणि पाच लहान गस्ती नौका, एवढेच त्याचे पहिले भांडवल. त्याच्यासाठी मुद्दाम बांधलेले पहिले मोठे गस्ती जहाज ‘विक्रम’ माझगाव गोदीतून १९८३ मध्ये सेवेत आले. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे मूळही असेच १७९० मध्ये महसूल वाचवण्यासाठी बांधलेल्या नौकांत सापडते. सारांश, तिजोरीला भोक पडले म्हणजे राज्यकर्त्यांना समुद्र आठवतो, हा जगाचाच अनुभव आहे.

तथापि आमच्याकडे हा अनुभव एकदाच येऊन थांबला नाही. पुढचा सारा इतिहास वरातीमागून घोडे नाचवण्याचा आहे. १९९३ च्या आरंभी रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथे शस्त्रे आणि स्फोटके उतरली आणि मार्चमध्ये मुंबई हादरली. त्यानंतर किनाऱ्यावरील संयुक्त गस्तीची जाग आली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी ‘कुबेर’ ही भारतीय मच्छीमार नौका बळकावून मुंबईपर्यंत आले आणि १६६ माणसे मारली गेली. त्यानंतर २००९ मध्ये किनारी सुरक्षेच्या समन्वयाची जबाबदारी तटरक्षक दलावर स्पष्टपणे सोपवण्यात आली आणि नव्या ठाण्यांना व नौकांना मंजुऱ्या मिळू लागल्या. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलीजिया’ ही जहाजे एकमेकांवर आदळली आणि तेलाचा तवंग रायगडच्या किनाऱ्याला लागला. अशा तेलगळतीसाठीच बांधलेले दलाचे पहिले प्रदूषण-नियंत्रण जहाज ‘समुद्र प्रहरी’ सेवेत दाखल झाले ते त्यानंतर, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात! २०११ मध्ये महालेखापरीक्षकांनी या दलाच्या कारभाराची तपासणी केली, तेव्हा जहाजांचा तुटवडा, वय उलटून गेलेल्या नौका आणि रेंगाळलेल्या बांधण्या यांवरच त्यांना बोट ठेवावे लागले. तहान लागल्यावर विहीर खणावयाची आणि विहिरीला पाणी लागेपर्यंत तहानेचा विसर पडावयाचा, ही आमची शासकीय रीत होऊन बसली आहे.

आता या ताफ्यात आहे तरी काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. ‘जहाजे’ या एका शब्दाखाली अनेक भिन्न साधने झाकली जातात आणि तेथेच आकड्यांचा भुलभुलैया सुरू होतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतचे पाणी आपले प्रादेशिक जलक्षेत्र. २०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंतच्या समुद्रातील मासळी, तेल व खनिजे यांवर आपला हक्क. हे सारे क्षेत्र सुमारे २० लाख चौरस किलोमीटर भरते. वाशीमसारखे चारशे जिल्हे एकापुढे एक मांडावे, एवढा हा विस्तार आहे. तेथे ना रस्ता, ना वेस, ना मैलाचा दगड.

एवढ्या विस्तारावर एकाच जातीची नौका चालत नाही. सुमारे शंभर मीटर लांबीची मोठी गस्ती जहाजे पाठीवर हेलिकॉप्टर घेऊन पंधरा-वीस दिवस खोल समुद्रात राहू शकतात. यांतील बरीच गोव्याच्या वास्को येथील गोदीत बांधली गेली. त्यांहून निम्म्या लांबीची जलद गस्ती जहाजे किनारा आणि खोल समुद्र यांच्या मधला पट्टा सांभाळतात. याच वर्गांतील सहा मोठ्या गस्ती जहाजांचा करार डिसेंबर २०२३ मध्ये आणि चौदा जलद गस्ती जहाजांचा करार जानेवारी २०२४ मध्ये माझगाव गोदीशी झाला. ताशी ऐंशी किलोमीटरहून अधिक वेगाने धावणाऱ्या लहान नौका संशयित पडावाचा पाठलाग करतात. खाडीचा चिखल आणि उथळ पाणी यांवरून हवेच्या गादीवर सरकणारी हॉवरक्राफ्ट जहाजे जाऊ शकतात, तेथे दुसरी कोणतीही नौका रुतून बसते. अशा सहा हॉवरक्राफ्टचा करार गोव्यातील चौगुले कंपनीशी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. तेलगळती आवरणारी जहाजे आणखी निराळी.

आणि या सर्वांचे डोळे म्हणजे विमाने. कानपूरला बांधली जाणारी डॉर्नियर विमाने काही तासांत जेवढा समुद्र न्याहाळतात, तेवढा न्याहाळावयास जहाजाला कित्येक दिवस लागावेत. परंतु विमान पाहू शकते, अडवू शकत नाही. जहाज अडवू शकते, पण त्याची नजर क्षितिजाशी संपते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अंदमानच्या बॅरन बेटाजवळ डॉर्नियरला एक संशयास्पद पडाव दिसला. त्याने कळवले, जहाजे धावली, आणि साडेपाच हजार किलोंहून अधिक मेथॅम्फेटामिन हे मादक द्रव्य हाती लागले. डोळा आणि हात यांची सांगड पडली म्हणजे काय होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. दोहोंपैकी एक जरी पंगू असेल, तर दुसऱ्याचे मोल अर्ध्याहून कमी होते.

या दलाच्या जवानांच्या शौर्याविषयी आमच्या मनात यत्किंचितही शंका नाही. मे २०२१ मधील तौक्ते वादळात ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ हा तराफा नांगर तुटून भरकटला, तेव्हा त्यावरील १३७ माणसे वाचली, ती नौदलाच्या आणि तटरक्षकांच्या हेलिकॉप्टरांमुळे. पुढच्याच महिन्यात रेवदंड्याजवळ ‘मंगलम’ हे मालवाहू जहाज बुडू लागले. दमणहून हेलिकॉप्टरे आणि दिघीहून ‘सुभद्रा कुमारी चौहान’ हे जहाज धावले आणि सोळाही खलाशी सुखरूप परतले. २६ जुलै २०२४ रोजी ऐन पावसाळ्यात अलिबागच्या किनाऱ्याशी अडकलेल्या जहाजावरील १४ जणांना हेलिकॉप्टरने उचलले. स्थापनेपासून अकरा हजारांहून अधिक प्राण या दलाने वाचवले आहेत. पण त्याच तौक्ते वादळात ‘पी-३०५’ हा निवासी तराफा बुडून सत्तरहून अधिक माणसे गेली, हेही विसरता येत नाही. वादळाची सूचना आगाऊ मिळालेली होती. तराफा तरीही समुद्रातच राहिला. नौदलाने शर्थ करून १८६ जणांना वाचवले. पण सूचनेचा अनादर झाला, तर पराक्रमालाही सर्वांचे प्राण परत आणता येत नाहीत.

आता दुखण्याच्या मुळाशी येऊ. २ सप्टेंबर २०२४ रोजी पोरबंदरजवळ एका टँकरवरील जखमी माणसाला आणावयास निघालेले ‘ध्रुव’ जातीचे हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले आणि तिघे तटरक्षक प्राणांस मुकले. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरच्याच विमानतळावर याच जातीचे दुसरे हेलिकॉप्टर कोसळून आणखी तिघे गेले. त्यानंतर तिन्ही सेनादलांची आणि तटरक्षकांची मिळून ‘ध्रुव’ जातीची सुमारे ३३० हेलिकॉप्टरे जमिनीवर उतरवावी लागली आणि कित्येक महिने तशीच उभी राहिली. कागदावर ताफा तेवढाच होता. आकडा एकानेही घटला नव्हता. परंतु समुद्रावर बुडणाऱ्याच्या डोक्यावर आकडा घिरट्या घालीत नाही, हेलिकॉप्टर घिरट्या घालते! या काळात भार पडला तो ‘चेतक’वर. त्याच्या मूळ फ्रेंच रचनेचे पहिले उड्डाण १९५९ चे. जवानाने अशा जुन्या यंत्रावर पावसाळ्यात अरबी समुद्रावर जावे, ही त्याच्या धैर्याची कसोटी खरी. पण ती राज्यकर्त्यांच्या नियोजनावरची टीकाही आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, २०० जहाजे आणि १०० विमाने हे उद्दिष्ट स्वागतार्ह असले तरी ते पुरेसे नाही. मोजमाप बदलले पाहिजे. गोठ्यात बैल किती, यावर शेतकऱ्याची नांगरट ठरत नाही. पेरणीच्या दिवशी जुवाला किती जुंपता येतात, यावर ती ठरते. वर्षाकाठी जहाजे समुद्रावर किती दिवस राहिली, विमानांनी किती तास उड्डाण केले, दुरुस्तीसाठी किती नौका किती काळ गोदीत पडून होत्या, सुट्या भागांवाचून किती हेलिकॉप्टरे खोळंबली, हा हिशेब संसदेपुढे आला पाहिजे. यांतील काही माहिती शत्रूच्या कानी पडू नये, हे आम्हांस मान्य आहे. तशी माहिती संसदीय समितीच्या बंद दाराआड मांडता येईल. परंतु गुप्ततेचा पडदा हा आळसाचे पांघरूण होता कामा नये. तसेच हेलिकॉप्टरांची सारी मदार एकाच जातीवर ठेवावयाची की नाही, याचाही निर्णय पुढल्या अपघाताची वाट न पाहता झाला पाहिजे.

दुसरा प्रश्न राज्य सरकारचा आहे. किनाऱ्यालगतच्या पाण्यात गस्त घालणे हे सागरी पोलिसांचे काम. महाराष्ट्राचा किनारा जुन्या मोजणीने ७२० आणि नव्या मोजणीने सुमारे ८७८ किलोमीटरचा. २००८ नंतर पोलिसांना वेगवान नौका मिळाल्या. पण त्या बंद पडल्याच्या, चालक व तंत्रज्ञ नसल्याच्या आणि भाड्याच्या ट्रॉलरवर गस्त उरकल्याच्या तक्रारी वारंवार ऐकू आल्या. केंद्राच्या जहाजांनी खोल समुद्रात जागे राहावे आणि राज्याच्या नौकांनी धक्क्याला झोपा काढाव्यात, अशाने पहारा होत नाही. ‘कुबेर’ने हा धडा शिकवला की, शत्रू युद्धनौकेतून येत नाही, तो शेकडो मच्छीमार नौकांच्या गर्दीत मिसळून येतो. ती गर्दी ओळखणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे कोळी. पालघर येथे ३० ऑगस्ट २०२४ रोजी देशातील एक लाख मच्छीमार नौकांवर मोफत संदेशयंत्रे बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. ती निष्ठेने पूर्णत्वास नेली, तर संकटातल्या कोळ्याचा आवाज किनाऱ्यावर पोहोचेल आणि अनोळखी नौकाही चटकन उघडी पडेल. कोळी बांधवांशी गुन्हेगारासारखे न वागता सोबत्यासारखे वागण्याची शिकवण मात्र कोणत्याही यंत्राबरोबर येत नाही. ती गणवेशातील माणसाला द्यावी लागते.

तिसरा प्रश्न आपला स्वतःचा आहे. जहाजे गोदीत बांधता येतात. ती चालवणारी माणसे घराघरांतून यावी लागतात. या दलात नाविक होण्यासाठी गणित व भौतिकशास्त्र घेऊन बारावी झालेला मुलगा पात्र ठरतो आणि अभियांत्रिकीची पदविका घेतलेल्याला यांत्रिक होता येते. आमच्या जिल्ह्यातील तरुण सैन्याच्या आणि पोलिसांच्या भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. तटरक्षक दलाच्या परीक्षेचे नाव मात्र त्यांच्यातील फारच थोड्यांच्या ओठी असते. पोहावयास शिकवणारा तलाव तालुक्याच्या गावी असावा, महाविद्यालये व तंत्रनिकेतने यांनी या भरतीची माहिती वेळेवर द्यावी, जिल्हा परिषदेने मार्गदर्शनाचे वर्ग चालवावेत, ही काही कोट्यवधींची कामे नव्हेत. कोरडवाहू शेतीवर एकाच्या जागी तीन भावांची पोटे अवलंबून असलेल्या घराला यातून किती आधार मिळेल, हे आम्ही सांगावयास नको.

विकासाला मुकलेल्या जिल्ह्याने पहाऱ्याचा खर्च का सोसावा, या आक्षेपाचे उत्तर एव्हाना स्पष्ट झाले असेल. खर्च सोसावा, पण डोळे मिटून सोसू नये. आपला खासदार सिंचनाचा प्रश्न विचारतो तसाच त्याने हाही प्रश्न विचारावा की, आमच्या पैशाने घेतलेली जहाजे आज समुद्रावर आहेत की धक्क्यावर, आणि सहा तटरक्षकांचे प्राण गेल्यानंतर हेलिकॉप्टरांच्या बाबतीत नेमके काय बदलले? ‘वयं रक्षामः’, आम्ही रक्षण करतो, असे हे दल म्हणते. जे रक्षण करतात त्यांना धड यंत्रे आणि पुरेशी माणसे देणे, हे रक्षण होणाऱ्यांचे देणे आहे. सुवर्णमहोत्सवाच्या भाषणांत गेल्या पन्नास वर्षांचा गौरव होईल, तो होणे योग्यच आहे. पण पुढल्या पन्नास वर्षांत तरी वरातीआधी घोडे सज्ज असावेत, एवढा निश्चय त्या भाषणांतून बाहेर पडला, तरच महोत्सव सार्थकी लागला असे म्हणता येईल.